चार आठवड्यांचं आयर्लंड

उन्हाळी अभ्यासक्रमासाठी आयर्लंडला निघालेल्या पुण्याच्या विद्यार्थ्याने सगळ्यात आधी एक अभ्यासाचा प्रश्न बॅगेत टाकावा. जॅकेट, चार्जर, मेतकूट नंतर. हे अभ्यासक्रम दोन ते सहा आठवड्यांचे, बहुतेक जून-जुलैत असतात. सकाळी व्याख्यानं, दुपारी सहली, शेवटी दीड-दोन हजार शब्दांचा निबंध. प्रश्न तिथे जाऊन शोधू म्हणणाऱ्याचे पहिले दोन आठवडे किल्ले आणि कडे बघण्यात जातात आणि निबंध ‘आयरिश दुष्काळ: कारणे व परिणाम’ असा शाळकरी होतो.

प्रश्न आपल्याच जिल्ह्यात सापडतो. एक उदाहरण देतो. ‘बॉयकॉट’ हा शब्द इंग्रजीत १८८० साली आला. मेयो परगण्यातल्या लॉर्ड अर्न यांच्या जमिनीचा कारभारी कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट याच्याशी कुळांनी आणि गावाने सगळे व्यवहार तोडले. गडी, धोबीण, टपाल पोचवणारा, दुकानदार, सगळे बंद. उभं पीक काढायला उत्तरेतून पन्नासेक मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला हजारभर सैनिक व पोलीस. (अजमेरच्या मेयो कॉलेजातला लॉर्ड मेयो, म्हणजे अंदमानात मारला गेलेला व्हाइसरॉय, त्याची सरदारकी याच परगण्याच्या नावाची.) आता आपल्याकडे या. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने १८७४च्या अखेरीस सावकाराशी हेच केलं होतं. त्याच्याकडे कामाला जायचं नाही, त्याचं शेत कसायचं नाही, गावकीची सेवा द्यायची नाही. पुढच्या मे महिन्यात सुप्याला दंगा झाला, कर्जखतं जाळली गेली, आणि सरकारने नेमलेल्या दख्खन दंगे आयोगाने हे सगळं नोंदवून ठेवलं. म्हणजे शब्द मेयोतून आला, पण काम शिरूरने सहा वर्षं आधी केलं होतं.

फरक कुठे आहे ते पाहिलं की निबंध उभा राहतो. आपल्याकडे रयतवारी होती, शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा. सारा रोख हवा, म्हणून सावकार, म्हणून राग सावकारावर. आयर्लंडमध्ये कूळ खंड भरायचं ते जमीनदाराला, आणि जमीनदार कित्येकदा लंडनला राहायचा, म्हणून राग त्याच्या कारभाऱ्यावर. तिथे या रागाला मायकल डॅव्हिटची लँड लीग ही कुळांची संघटना आणि पार्नेलसारखा संसदेत बसणारा पुढारी मिळाला. पार्नेलने सप्टेंबर १८८०मध्ये एनिसच्या सभेत, दुसऱ्याला हुसकावून घेतलेल्या जमिनीवर जो बसेल त्याला वाळीत टाका, असं उघड सांगितलं. परिणाम म्हणून इकडे १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तिकडे १८८१चा जमीन कायदा. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. तिकडच्या प्राध्यापकांना मेयो पाठ असतो, कर्डे त्यांच्या कानावरूनही गेलेलं नसतं. गुण तिथेच मिळतात.

पुण्यातली तयारी म्हणून गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात वसाहतकाळातले अहवाल पाहावेत, आणि सार्वजनिक सभेने १८७६-७७च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पाठवली होती ती वाचावी. आयर्लंडच्या १८४५च्या दुष्काळात लंडनच्या खजिना खात्यातून मदतीवर हात आखडता घेणारा चार्ल्स ट्रेव्हेलियन पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, नंतर कलकत्त्याला अर्थसदस्य. धोरणं बोटीने फिरत होती ती अशी.

‘आपल्यासारखेच तेही इंग्रजांचे गुलाम’ एवढं एकच सूत्र घेऊन मात्र जाऊ नये. पहिल्याच चर्चेत ते फाटतं. जालियनवाला बागेच्या वेळचा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकल ओड्वायर आयर्लंडमधल्या टिपररीचा होता. पुढच्याच वर्षी, १९२०मध्ये, जालंधर आणि सोलनला बंड करणारे, ब्रिटिश सैन्यातल्या कनॉट रेंजर्स पलटणीचे शिपाईही आयरिशच, आणि त्यांतल्या जेम्स डॅलीला दगशाईला गोळ्या घातल्या. एकाच बेटातून दोन्ही प्रकारची माणसं हिंदुस्थानात आली. पुण्याचा धागा हवा असेल तर मार्गारेट कझिन्स आहेत. रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइलमध्ये जन्म, १९०८ साली डब्लिनमध्ये स्त्री-मताधिकाराची संघटना काढणाऱ्यांपैकी एक, आणि जानेवारी १९२७मध्ये फर्ग्युसन कॉलेजात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनामागचं मुख्य बळ. टिळकांची होमरूल लीग बेळगावात निघाली ती एप्रिल १९१६च्या अखेरीस, म्हणजे डब्लिनमध्ये पूर्ण स्वातंत्र्यासाठीचा ईस्टरचा सशस्त्र उठाव चालू होता त्याच आठवड्यात. ‘होमरूल’ हे नाव आयर्लंडचं घेतलं, पण त्याच आठवड्यात डब्लिन त्या नावाच्या पलीकडे निघून गेलं होतं.

कुठला अभ्यासक्रम घ्यायचा? डब्लिनमध्ये संग्रहालयं, दफ्तरखाने, १९१६च्या जागा पायाखाली असतात. राहणं मात्र महाग. राज्यकारभार आणि क्रांती हा विषय असेल तर डब्लिन. जमीन, दुष्काळ, भाषा, संगीत असेल तर गॉलवे, कारण मेयो, अरन बेटं आणि आयरिश बोलणारी गावं तिथून जवळ. साहित्याच्या वेड्यांसाठी स्लायगोची येट्स शाळा, वाद्य शिकणाऱ्यांसाठी क्लेअरमधल्या मिलटाउन मॅलबेची विली क्लॅन्सी शाळा (जुलैचा पहिला आठवडा), आणि नुसती भाषा शिकायची तर डोनेगॉलमधलं ग्लेनकोलमकिल. शेवटची तिन्ही उत्तम, पण तिथून विद्यापीठाचं श्रेयांक-पत्र मिळेलच असं धरून चालू नये.

श्रेयांकांचा घोळ नेहमीचा आहे. आयर्लंडमधल्या विद्यापीठांत एक श्रेयांक म्हणजे साधारण विद्यार्थ्याचे एकूण २० ते २५ तास, त्यात वाचन आणि निबंधही आले. आपल्याकडचा एक श्रेयांक म्हणजे १५ तासांची शिकवणी. त्यामुळे तिकडच्या ५ श्रेयांकांचे इकडे ५ होत नाहीत. किती होतील हे विभागप्रमुखांच्या सहीच्या पत्रावर, निघण्याआधी घ्यावं. परत आल्यावर ‘बघू’ म्हणणारे साहेब आणि मग ‘समितीपुढे ठेवू’ म्हणणारे साहेब वेगळे असतात.

व्हिसा. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसा-क्षेत्रात, नाही आणि ब्रिटनमध्येही नाही. शेंगेनचा व्हिसा तिथे चालत नाही. ९० दिवसांपर्यंतच्या अभ्यासाला ‘सी’ प्रकारचा अल्पमुदतीचा व्हिसा लागतो, आणि त्यावर काम करता येत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, सारांशाचं पान छापून सही करायची आणि कागदपत्रांसह व्हिसा केंद्रात द्यायचं. शुल्क एकदा प्रवेशाला ६० युरो, अनेकदा प्रवेशाला १००. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. निकालाला आठ आठवडे धरून चाला, आणि तेवढे दिवस पासपोर्ट त्यांच्याकडे असतो हे विसरू नका. जूनअखेर वर्ग सुरू होत असतील तर अर्ज मार्चअखेर गेला पाहिजे. म्हणजे प्रवेशपत्र आणि फी भरल्याची पावती फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात हवी. आपले विद्यार्थी एप्रिल-मेच्या परीक्षा संपवून मग फॉर्म उघडतात. तिथेच गाडी चुकते.

व्हिसा नाकारला जातो त्याची कारणं साधी असतात. सहा महिन्यांच्या बँक विवरणात शेवटच्या पंधरवड्यात अचानक आलेले चार लाख, आणि ते कुठून आले याचा कागद नाही. काकांनी दिले असतील तर काकांचं पत्र, त्यांचं विवरण, आणि ते काका आहेत याचा पुरावा. रेशनकार्ड, सातबारा, जन्मदाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर मूळ प्रतीसोबत जोडावं लागतं. दुसरं कारण नावाचं. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचं नाव वेगळं, पासपोर्टवर क्रम उलटा, आणि प्रवेशपत्र विद्यार्थ्याने ईमेलमध्ये जसं नाव लिहिलं तसं. प्रवेशपत्रावरचं नाव पासपोर्टबरहुकूम करून घ्या, मग पुढे जा. तिसरं, परत येण्याचं कारण. कॉलेजच्या पत्रात ‘ही आमची विद्यार्थिनी आहे’ एवढं पुरत नाही, पुढचं सत्र अमुक तारखेला सुरू होतं आणि तिला हजर राहायचं आहे, हे वाक्य हवं. आधी कुठल्याही देशाने व्हिसा नाकारला असेल तर तो लपवू नये, लपवणं हेच नकाराचं कारण होतं. नकार आला तर दोन महिन्यांच्या आत लेखी अपील करता येतं, पण उन्हाळी वर्गासाठी तेवढा वेळ उरत नाही.

एक शेरा मात्र नीट पाहायचा. व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी अक्षरं असतील तर त्याच व्हिसावर ब्रिटनमध्ये, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्येही जाता येतं. अट अशी की ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरायचं. बेलफास्ट आणि डेरीच्या सहली याच शेऱ्यावर अवलंबून असतात. सीमेवर नाका नाही, पाटीसुद्धा धड नाही, फक्त वेगमर्यादेचे फलक किलोमीटरचे मैलांत बदलतात. पण नाका नाही म्हणजे परवानगी लागत नाही असं नाही. शेरा नसेल तर त्या दिवशी सहलीला जाऊ नये.

वाचनात सगळ्यात आधी उघडावी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरची १९०१ आणि १९११ची जनगणना. फुकट आहे, आणि प्रत्येक घराचा मूळ कागद दिसतो. त्याआधीच्या बहुतेक जनगणना उरल्याच नाहीत. काही सरकारनेच नष्ट केल्या, काही पहिल्या महायुद्धात कागदाचा लगदा करायला दिल्या, आणि उरलेल्या ३० जून १९२२ला डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातल्या दफ्तरखान्याच्या स्फोटात आणि आगीत गेल्या.

१९११चा एक ‘अ’ फॉर्म समोर घ्या. कुटुंबप्रमुखाने, किंवा त्याला लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने, भरलेला. नाव, नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, वय, धंदा, जन्माचा परगणा. मग विवाहित बाईसाठी तीन रकाने: लग्नाला किती वर्षं, किती मुलं जिवंत जन्मली, त्यांतली आज किती आहेत. ‘११’ आणि ‘६’ असे दोन आकडे शेजारी दिसतात तेव्हा गरिबीवरचं व्याख्यान वेगळं ऐकावं लागत नाही. पुढे भाषेचा रकाना. ‘आयरिश व इंग्रजी’ असं आजी-आजोबांपुढे लिहिलेलं आणि नातवंडांपुढे कोरं, असा कागद मिळाला की भाषा कशी गेली ते एका पानात दिसतं. खाली सही, किंवा सही येत नसेल तर फुली. सोबतचा ‘ब-१’ फॉर्म घराचा. भिंत दगड-विटांची तर १, मातीची तर ०. छप्पर पाटीच्या दगडाचं तर १, गवताचं तर ०. मग खोल्या, मग समोरच्या खिडक्या. बेरजेवरून घराचा दर्जा पहिला ते चौथा.

यात एक सापळा आहे. १९०१ला ५६ वर्षांची असलेली बाई १९११ला ७१ची दिसते. दहा वर्षांत पंधरा वर्षं. कारण जानेवारी १९०९पासून सत्तरीच्या पुढे म्हाताऱ्यांना पेन्शन मिळू लागलं, आणि सगळ्या जन्मांची सक्तीची नोंद सुरू झाली ती १८६४पासून. म्हणजे सत्तरीच्या माणसाकडे सरकारी जन्मदाखला असणंच शक्य नव्हतं, आणि वय वाढवून सांगणं सोपं होतं. वयांवरून तक्ते करणाऱ्याने हे विसरलं की सगळी गणितं कोसळतात. नाव शोधतानाही ‘ओ’ आणि ‘मॅक’ लावून व काढून, दोन्ही प्रकारे शोधावं.

दुष्काळावर लिहिताना दोन टोकं टाळावीत. १८४१ची लोकसंख्या सुमारे ८२ लाख, १८५१ची ६५ लाख. सुमारे दहा लाख मेले, त्याहून अधिक देश सोडून गेले. धान्याची निर्यात चालू होती हे खरं, आणि १८४७मध्ये आयात निर्यातीपेक्षा जास्त झाली हेही खरं. प्रश्न धान्य होतं का एवढाच नाही, ते विकत घ्यायला मजुरी होती का हाही आहे. पाव एकराहून अधिक जमीन धरून ठेवणाऱ्याला मदत नाही, असा नियम त्याच वर्षी आला. जीव वाचवायचा तर जमीन सोडायची. तिथेच दुष्काळाचा आणि जमिनीच्या प्रश्नाचा सांधा आहे.

भाषेचा तास ऐच्छिक असला तरी घ्यावा. इथे मराठी माणसाला घरबसल्या फायदा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. आयरिशमध्ये ‘माझ्याजवळ असणे’ यासाठी इंग्रजीसारखं क्रियापद नाही. ‘तॉ ल्यौर अगम’ म्हणजे शब्दशः ‘आहे पुस्तक माझ्यापाशी’. भूक तिथेही ‘लागते’: ‘तॉ ओक्रस ओरम’, भूक आहे माझ्यावर. इंग्रजी डोक्याच्या विद्यार्थ्याला हे विचित्र वाटतं, आपल्याला नाही. ‘हो’ आणि ‘नाही’ला सुटे शब्द नाहीत, क्रियापदच परत म्हणायचं. समजलं का? समजलं. आणि ‘रुंद’, म्हणजे शेजारी ए, ओ, यू यांपैकी स्वर असलेल्या, ‘टी’ आणि ‘डी’चे उच्चार दंत्य आहेत, आपले त आणि द. अमेरिकन विद्यार्थी तिथे आठवडाभर अडतात. आपल्याला अडचण येते ती क्रमाची, कारण क्रियापद आधी, आणि आपलं शेवटी.

स्पेलिंगला घाबरू नये, ते नियमाने चालतं. ‘बीएच’ आणि ‘एमएच’ दिसलं की बहुधा व. म्हणून नीव, शिवॉन ही मुलींची नावं कागदावर ओळखू येत नाहीत. डब्लिनच्या बसवर ‘अन लार’ लिहिलं असेल तर ती मध्यवस्तीत जाते. आणि स्वच्छतागृहाच्या दारावर ‘एम’ने सुरू होणारा शब्द पुरुषांचा नाही. ‘म्नॉ’ म्हणजे स्त्रिया, ‘फिर’ म्हणजे पुरुष.

संध्याकाळी पबमधलं ‘सेशन’, म्हणजे वादकांची अनौपचारिक मैफल, हा अभ्यासक्रमाचाच भाग समजावा, दारू प्यायची सक्ती नसते. जिग आणि रील हे तिथल्या धुनांचे दोन प्रकार. ऐकायची युक्ती अशी: जिग सहा मात्रांचा, तीन-तीनचा, म्हणजे दादऱ्याच्या अंगाने मांडीवर धरता येतो. रील केरव्यासारखी चालते. प्रत्येक धून दोन भागांची, प्रत्येक भाग आठ मापांचा आणि दोनदा, म्हणजे ३२ मापांचं एक आवर्तन. बहुधा तीन आवर्तनं झाली की न थांबता दुसरी धून. सगळे एकच चाल वाजवतात, वेगळे सूर लावून साथ करणं मुळात नाही, त्यामुळे आपला कान पटकन बसतो. पण बढत शोधू नका, कला आहे ती एकेका सुराला दिलेल्या झटक्यात आणि मुरकीत. वादकांच्या खुर्च्यांवर बसू नये, न विचारता चित्रण करू नये, आणि बोद्रान, म्हणजे तिथला डफ, एक वाजत असताना दुसरा काढू नये. टाळ्यांनी ठेका धरणाऱ्याकडे सगळे ज्या नजरेने बघतात ती नजर सवाई गंधर्वात मोबाइल वाजल्यावरची.

सामानाबद्दल थोडक्यात. जुलैत दुपारी १९-२० अंश, वारा जोराचा, छत्री उलटी होते, टोपीचं पावसाळी जॅकेटच हवं. सिंहगडाला चालणारे बूट पुरतात. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटनसारखा. तूप, पेढे, मिठाई नेऊ नये, युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. भाजणी, चटण्या, मसाला चालतो. वसतिगृहात फोडणी दिली की धुराची घंटा वाजते आणि सगळी इमारत पावसात रस्त्यावर उभी राहते, म्हणून तेल मंद आचेवर, पंखा चालू, दार बंद. शाकाहाऱ्याने भाज्यांच्या सूपलाही ‘पाणी कशाचं’ हे विचारावं, बऱ्याचदा ते कोंबडीचं असतं. सोडा ब्रेड आणि कोलकॅनन, म्हणजे बटाटा आणि केल या पालेभाजीची लोणीदार भाजी, निर्धास्त खावी.

संग्रहालयांत राष्ट्रीय संग्रहालय आणि चेस्टर बीटी फुकट आहेत; चेस्टर बीटीत मुघल चित्रं आहेत. किलमेनहॅम तुरुंगाची तिकिटं २८ दिवस आधी खुली होतात आणि संपतात, त्यामुळे पुण्यातूनच काढावीत. बसमध्ये सुटी नाणी लागतात, नोट घेत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी लीप कार्ड, म्हणजे प्रवासाचं कार्ड, घ्यावं. उन्हाळ्यात उजेड रात्री दहापर्यंत असतो. झोप उडते, पडदे जाड आहेत का पाहावं.

उत्तरेत बोलताना शब्द जपून. डेरी की लंडनडेरी यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते ठरतं. समोरचा जे म्हणेल ते म्हणावं. ‘ब्रिटिश बेटं’ हा शब्द निबंधात नको. १९६८ ते १९९८च्या उत्तर आयर्लंडमधल्या हिंसाचाराच्या काळाला धर्मयुद्ध म्हणू नये. भांडण देवाचं नव्हतं, राज्य कुणाचं, घर आणि नोकरी कुणाला, याचं होतं.

राष्ट्रीय ग्रंथालयाचं वाचक-कार्ड फुकट मिळतं, फोटो असलेलं ओळखपत्र न्यावं. हस्तलिखितांजवळ फक्त पेन्सिल. काढलेल्या प्रत्येक फोटोचं दफ्तर, खोका आणि पान त्याच वेळी वहीत लिहावं, कारण निबंधाची मुदत बहुधा परत आल्यावरची असते आणि तेव्हा खोका पुन्हा उघडता येत नाही. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असतं. डब्लिनची मध्यरात्रीची मुदत म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेचार.